रोमन नाणं वाचताना

रोमन नाणी म्हटलं की बहुतेकांना काचेच्या कपाटातलं सोनं आठवतं. पण रोमन साम्राज्यातून आपल्यापर्यंत सगळ्यात जास्त पोचलंय ते तिसऱ्या-चौथ्या शतकातलं हिणकस नाणं. तांब्याचं किंवा नावापुरती चांदी असलेलं, दीड ते तीन ग्रॅम वजनाचं, करंगळीच्या नखाहून जरासं मोठं. २०१० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ एका मातीच्या रांजणात ५२,५०३ नाणी सापडली. वजन साधारण १६० किलो, आणि जवळपास सगळी अशीच.

ती एवढी का उरली याचं उत्तर टाकसाळींच्या हिशोबात आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात डेनॅरियस हे चांदीचं नाणं एका रोमन रत्तलातून ८४ पाडले जात, म्हणजे एकाचं वजन सुमारे ३.९ ग्रॅम. इ. स. ६४ मध्ये नीरोनं तो आकडा ९६ वर नेला आणि चांदीही कमी केली. सेप्टिमियस सिव्हेरसच्या काळात चांदी जेमतेम निम्मी राहिली. २१५ मध्ये कॅराकॅलानं दोन डेनॅरियसचं म्हणून जे नवं नाणं काढलं त्याचं वजन दीड डेनॅरियसइतकंच होतं. पुढच्या साठ वर्षांत त्या नाण्यातली चांदी शेकडा पाचाच्याही खाली आली. नाणं हलकं झालं की तेवढ्याच खर्चाला ते जास्त पाडावं लागतं, आणि जे लाखांनी पाडलं गेलं तेच लाखांनी पुरलं गेलं.

नवीन संग्राहकानं सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. स्वस्त आहे हे एक कारण झालं, पण खरं कारण वेगळं. सीलबंद प्लास्टिकमध्ये सम्राटाचं नाव, साल आणि क्रमांक छापून आलेलं सोन्याचं नाणं दुसऱ्या कुणी तरी आधीच वाचलेलं असतं. झिजलेलं तांब्याचं नाणं मात्र आपल्यालाच वाचावं लागतं. ते वाचता आलं की हा छंद सुरू होतो. तोपर्यंत झालेली असते ती फक्त खरेदी.

एक सहज मिळणारं नाणं घेऊ. ३३० साली कॉन्स्टन्टाइननं नव्या राजधानीचं, कॉन्स्टॅन्टिनोपलचं, लोकार्पण केलं. त्या सुमारास दोन जोडनाणी निघाली, एक नव्या नगरीच्या नावाचं आणि एक जुन्या रोमच्या नावाचं. रोमच्या नाण्यावर पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आहे, तोंड डावीकडे, भोवती ‘उर्ब्स रोमा’ ही अक्षरं. लॅटिनमध्ये ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरतात, म्हणून पहिलं अक्षर व्ही दिसतं. मागच्या बाजूला लांडगीण, तिला लुचणारी दोन बाळं, वर दोन तारे. इथवर सगळे पोचतात. मात्र कामाचा मजकूर त्याखालच्या आडव्या रेषेच्याही खाली असतो. तिथे टी-आर-पी अशी तीन अक्षरं असली तर टी-आर म्हणजे ट्रियर, आजच्या जर्मनीतलं शहर, आणि पी म्हणजे ‘प्रिमा’, तिथला पहिला कारखाना. शेवटचं अक्षर एस असलं तर दुसरा. एस-एम-के असलं तर नाणं आजच्या तुर्कस्तानातल्या सिझिकसचं. पूर्वेकडच्या टाकसाळी कारखान्याचा क्रमांक ग्रीक अक्षरात देतात, त्यामुळे तिसरा कारखाना गॅमानं आणि चौथा डेल्टानं दाखवलेला सापडतो. या अक्षरांच्या शेजारी कधी एखादा ठिपका, पानांचा हार किंवा तारा असतो. तो सजावटीचा नसतो, टाकसाळीनं कोणती खेप कधी पाडली त्याची ती खूण असते. म्हणून हा भाग दिसत नसलेलं नाणं मला अर्धंच वाटतं, मग वरची लांडगीण कितीही सुरेख असो.

अक्षरं गेली तर वजन बोलतं. त्याच काळातल्या ‘ग्लोरिया एक्झर्सितुस’ या प्रकारात दोन सैनिक समोरासमोर उभे असतात, मध्ये लष्करी ध्वजदंड. आधी दोन दंड असत आणि नाणं सुमारे अडीच ग्रॅम भरे. ३३५-३३६ च्या सुमारास एकच दंड उरला आणि वजन दीड-पावणेदोन ग्रॅमवर आलं. नाण्याचा मधला भाग झिजून सपाट झाला असेल तर दंड मोजत बसू नये, काट्यावर ठेवावं.

चांदीच्या नाण्यावर तारीख पदव्यांमध्ये दडलेली असते. ट्राजनचा अगदी नेहमीचा डेनॅरियस घ्या. पुढे डोक्याभोवतीचा लेख उलगडला तर असा: इम्पेरातोर, ट्राजन, ऑगस्टस, जर्मानिकस, डासिकस, मुख्य पुरोहित, लोकाधिकारी. मागे ‘सी-ओ-एस’, म्हणजे कॉन्सल हे रोमचं वरिष्ठ पद, आणि रोमन पाच, मग ‘राष्ट्रपिता’, आणि ‘रोमन सिनेट व जनतेकडून सर्वोत्तम अधिपतीला’. जर्मानिकस ही पदवी ९७ ची. डासिकस १०२ च्या अखेरीस मिळाली, म्हणजे नाणं त्यापूर्वीचं नाही. कॉन्सल पाचव्यांदा झाला १०३ मध्ये, सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणून नाणं १०३ ते १११ या दरम्यानचं. ऑप्टिमस (सर्वोत्तम) हे नावाचाच भाग म्हणून पुढच्या लेखात आलं तर ११४ किंवा नंतरचं, आणि ‘पार्थिको’ (पार्थियाविजेता) आलं तर थेट ११६-११७. बऱ्याच सम्राटांच्या नाण्यांवर लोकाधिकाराच्या वर्षाचा आकडाही असतो. तो अधिकार दरवर्षी नव्यानं मिळे, त्यामुळे तो आकडा वाचता आला की साल एका वर्षाच्या आत येतं.

हे सगळं दिसायला उजेड लागतो, आणि तो डोक्यावरून नको. टेबलावरचा एकच दिवा नाण्याच्या जवळजवळ पातळीला आणावा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करावेत, आणि दिवा स्थिर ठेवून नाणं सावकाश फिरवावं. सपाट वाटणाऱ्या कडेवर एका कोनात एम उठतो, थोडं फिरवलं की तो मावळतो आणि शेजारचा ए वर येतो. प्रत्येक कोनातलं अक्षर कागदावर त्याच्या जागी लिहायचं, न दिसलेल्या जागी ठिपका द्यायचा. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठ्या भिंगात नाण्याचा एवढा छोटा तुकडा दिसतो की अक्षराचा संदर्भच सुटतो. फोनचा कॅमेराही चालतो, पण फ्लॅश बंद हवा.

मग मोजमाप. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, व्यासासाठी प्लास्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर (स्टीलच्या जबड्यानं कडेवर चरा पडतो), आणि तिसरी गोष्ट म्हणजे ठशांचा कोन, म्हणजे पुढच्या चित्राच्या मानाने मागचं चित्र किती फिरलंय ते, जो बरेच जण टाळतात. नाणं अंगठा आणि तर्जनीत असं धरायचं की पुढचा चेहरा सरळ उभा दिसेल, बोटं बाराच्या आणि सहाच्या जागी. मग उभ्या आसाभोवती वळवायचं. मागच्या चित्राचं डोकं वर आलं तर बारा, खाली गेलं तर सहा, मधल्या जागांना घड्याळातला आकडा. दुसऱ्या शतकातली रोमची नाणी बहुधा सहा किंवा बाराला बसतात. प्रजासत्ताकाच्या काळातली चांदी कुठेही बसते. एखाद्या नाण्याचा कोन त्याच्या गटाशी जुळत नसेल तर लगेच शंका घ्यायची गरज नाही, पण नोंद हवीच.

ओळख पटवायला आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ओक्रे’ हा खुला कोश आहे. त्यात साम्राज्यकाळातले चाळीस हजारांहून अधिक प्रकार आहेत. वापरताना एकच पथ्य: खात्रीनं दिसलेलं तेवढंच शोधचौकटीत भरायचं. सम्राटाचं नाव अर्धं दिसलं आणि उरलेलं मनानं भरलं, की कोश निमूटपणे चुकीच्या पानावर नेतो आणि तिथलं चित्र आपल्या नाण्यासारखंच वाटू लागतं. कॉन्स्टन्टाइन, कॉन्स्टन्टाइन दुसरा, कॉन्स्टन्टियस दुसरा आणि कॉन्स्टान्स यांची नावं सुरुवातीच्या सहा-सात अक्षरांपर्यंत सारखीच जातात. शेवट दिसत नसेल तर चौघांपैकी एक असं लिहिणं हेच प्रामाणिक उत्तर.

आता साफसफाई. सगळ्यात जास्त नाणी मेली असतील ती इथेच. आपल्याकडे तांब्याचं भांडं चिंचेनं किंवा लिंबानं घासून लख्ख करतात, आणि हात तसाच नाण्याकडे वळतो. दीड हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या तांब्यावर गंजाचे थर बसतात, आणि नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे चेहऱ्याची रेषा आणि अक्षराची कड, बरेचदा त्या थरांतच शिल्लक असतो. खालच्या धातूत तो नसतो. आम्लानं थर गेला की उरते ती खड्डे पडलेली गुलाबी चकती. तिला पुन्हा काहीही करता येत नाही.

मातीसकट मिळालेलं नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचं. नळाचं पाणी नको, कारण त्यातला क्लोरीन तांब्याचा वैरी. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, मऊ दातब्रशनं हलकं घासायचं, लाकडी दातकोरणीनं अक्षरांच्या फटीतली माती सैल करायची आणि परत बुडवायचं. काही नाणी आठवड्यात मोकळी होतात, काहींना महिने लागतात. ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तेलानं माती सुटते, पण त्यातली मेदाम्लं हळूहळू वरचा थरही खातात, म्हणून मी तो सल्ला देणार नाही. धातूचं टोक वापरायचंच असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली, आणि आधी शंभर बिनकामाच्या चकत्यांवर हात बसवून.

तांब्याच्या नाण्यांचा खरा आजार मात्र वेगळा. गंजाखाली अडकलेलं क्युप्रस क्लोराइड दमट हवेशी संयोग करतं, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं आणि नवं क्लोराइड तयार करतं. हे चक्र आपोआप थांबत नाही. इंग्रजीत याला ‘ब्राँझ डिसीझ’ म्हणतात आणि आपल्याकडचे संग्राहकही तेच नाव वापरतात. खूण अशी की नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी दिसते. टाचणीचं टोक लावावं. पावडर पडली तर रोग, टोक घसरलं तर तो स्थिर हिरवा थर, त्याला हात लावू नये. रोगट नाणं त्याच क्षणी वेगळं करायचं, पुटकुळी कोरून काढायची, सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाच टक्के द्रावणात ठेवून द्रावण आठवड्या-आठवड्यानं बदलत राहायचं, मग डिस्टिल्ड पाण्यात खळखळून धुऊन ॲसिटोननं पाणी काढून पूर्ण वाळवायचं. संग्रहालयांत यानंतर बेन्झोट्रायाझोल हे गंज रोखणारं रसायन लावतात. ते विषारी आहे, घरी हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

पण ओलावा तसाच राहिला तर हे सगळं वाया जातं. हवेतली आर्द्रता चाळिशीच्या खाली असेल तर हा रोग जवळपास झोपलेला राहतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ती ऐंशीच्या वर असते. म्हणून इथल्या संग्राहकाला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतेचं कार्ड लागतंच. केशरी दाणे हिरवे पडले की जेल भरलं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा वापरता येतं. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळायची, त्यातून आम्ल सुटून नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं चालतात. रबरबँडमधला गंधक चांदी काळी करतो.

चांदीचं नाणं टेबलावर आपटून आवाज ऐकायची जुनी सवय सोडावी. दोन हजार वर्षांत चांदीचे कण आतून सुटे होतात आणि अस्सल डेनॅरियस बिस्किटासारखा दुभंगतो.

नकली ओळखायचा मुख्य धागा असा की अस्सल नाणं हातोड्यानं एकेक पाडलेलं असतं. एकाच ठशातून निघालेली शंभर नाणी असू शकतात आणि त्यांचं चित्र हुबेहूब जुळेल. पण प्रत्येक चकती वेगळी, ठसा प्रत्येकीवर वेगळ्या जागी बसलेला, कडेची चीर वेगळी. दोन नाण्यांची चीर, कडेचा आकार आणि अमुक अक्षराखालचा खड्डाही जुळत असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत किंवा एकाच नाण्यावरून बनवलेल्या ठशाची आहेत. म्हणून घेण्याआधी जुन्या लिलावांच्या चित्रांत जुळं शोधावं. ओतीव नाण्यावर भिंगाखाली बुडबुड्यांचे गोल खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ असतात, आणि कडेवर भोवतीनं कानसीच्या खुणा असतात, साच्याची शिवण घालवलेल्या. ‘वाळवंटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळूच्या थराला ॲसिटोनचा बोळा लावावा. गोंद असेल तर थर सुटतो.

घनता मोजणंही सोपं आहे, पण त्यात एक फसगत आहे. हवेत ३.३० ग्रॅम, पाण्यात दोऱ्यानं टांगून २.९८ ग्रॅम, फरक ०.३२. भागाकार १०.३, चांगल्या चांदीला शोभेल असा. पण काट्याची चूक ०.०१ धरली तर फरक ०.३१ किंवा ०.३३ असू शकतो, आणि उत्तर १०.६ ते १०.० मध्ये कुठेही येतं. एवढ्याशा नाण्याला ०.००१ चा काटा हवा, आणि पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे ब्रशनं झटकायला हवेत. नाही तर चांगलं नाणं हलकं ठरतं. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली प्राचीन बनावट नाणीही असतात. घनतेत ती पडतात, पण ती त्याच काळातली म्हणून जपण्याजोगी.

आता आपल्याकडची बाजू. भारतात सापडलेल्या रोमन चांदीत दोन प्रकार फार ठळक आहेत. एक ऑगस्टसचा, मागे गायस आणि ल्युशियस हे त्याचे वारस ढालींसह उभे. दुसरा टायबेरियसचा, मागे आसनस्थ स्त्री आणि ‘पाँटिफ मॅक्सिम’. यांच्या भारतीय नकलाही झाल्या. त्यांत चित्र बऱ्यापैकी उतरलंय पण लेख म्हणजे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, कारण कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. नीरोच्या घटीनंतर जुनी, भरीव चांदीच इकडे पाठवली जात राहिली असं अनेक अभ्यासक मानतात, आणि निधींची घडण पाहता मला ते पटतं. बहुतेक मोठे निधी मात्र तामिळनाडू, केरळ आणि आंध्रचे. पुदुक्कोट्टैला १८९८ मध्ये सोन्याची ५०१ नाणी मिळाली आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा छेद आहे.

महाराष्ट्रात रोमन नाण्यांचे असे निधी फारसे नाहीत, पण रोमन नाण्याची छाया आहे. टेरला (जि. धाराशिव) रोमन नाण्यांच्या धर्तीची, टांगायला वर कडी असलेली मातीची पदकं मिळाली आहेत. क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे आणि ग्रीक लिपीत लेख आहे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये त्याची तेरा हजारांवर नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. नव्या ठशाखालून जुना चेहरा शोधायला तोच तिरपा उजेड लागतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), ३५ ला एक, असा दरही कोरलेला आहे. ज्याला या काळाचा अभ्यास करायचाय त्याला नाशिकजवळच अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

आणि शेवटी, नाणं कुठून आलं ही नोंद. फ्रोमचा रांजण सापडला तेव्हा शोधणाऱ्यानं खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी नाणी थराथरानं काढली, आणि सगळ्यात उशिराची, ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या कॅरॉसियसची, नाणी वर नसून आतल्या थरात निघाली. म्हणजे रांजण वर्षानुवर्षं थोडा थोडा भरलेला नव्हता, एकदमच पुरला होता. कुणी तो पिशवीत ओतून नेला असता तर नाणी तेवढीच राहिली असती आणि हे कधीच कळलं नसतं. भारतात जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते परदेशी नेता येत नाही, आणि त्याचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. ‘शेतात निघालंय’ असं सांगून कुणी रोमन नाणं हातात ठेवलं तर ते एक तर नकली असतं किंवा बेकायदा. दोन्ही बाबतींत उत्तर नाहीच.

परवानाधारकाकडून घेतलेल्या प्रत्येक नाण्याच्या पाकिटात चिठ्ठी हवी. वजन, व्यास, ठशांचा कोन, वाचलेला लेख ठिपक्यांसकट, कोशातला क्रमांक, कुणाकडून कधी घेतलं, त्याच्याकडे कुठून आलं, आधीच्या मालकाची चिठ्ठी असेल तर ती मूळचीच. नाण्यावर छेद असेल तर तो कोणत्या बाजूनं मारलाय, चेहऱ्याच्या कुठल्या भागावर आणि किती खोल, हेही लिहावं. पेन्सिलीनं लिहावं, शाईचं आम्ल कागदातून उतरतं.